मागे राहिलेले कर्तव्य

आपल्याकडे नीतीविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातला मोठा भाग चांगले आणि वाईट यांतून चांगले कसे निवडावे हे सांगण्यात जातो. खरे बोलावे, लाच घेऊ नये, दिलेला शब्द पाळावा, आईवडिलांना अंतर देऊ नये. यातले काहीही समजायला अवघड नाही. लाच घेणाऱ्यालाही लाच वाईट हे पक्के ठाऊक असते. त्याला कमी पडते ते बळ. विचारी, सरळमार्गी माणसाची झोप उडवणारे प्रसंग मात्र वेगळ्या ठिकाणी उगवतात. या यादीतली दोन वचने एकाच वेळी समोर उभी राहतात आणि एक पाळायचे तर दुसरे मोडावेच लागते, तेव्हा काय करायचे हे यादी सांगत नाही. घरात, नात्यांत, दवाखान्यात, कचेरीत आणि कारखान्यात येणाऱ्या अशा प्रसंगांचा विचार या पुस्तकात केला आहे. त्यांचा विचार कोणत्या भूमिकेतून केला आहे आणि त्या भूमिकेवर कोणते आक्षेप येऊ शकतात, हे आधी सांगणे माझे काम आहे.

कोणत्याही मोठ्या रुग्णालयात वारंवार घडणारा एक प्रसंग घ्या. बायोप्सीचा अहवाल आलेला असतो. मुलगा आईला बाहेरच्या बाकावर बसवून एकटाच आत येतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, ‘डॉक्टर, आईला काही सांगू नका. ती हाय खाईल. आम्ही तिला अल्सर आहे म्हणूनच सांगितलंय.’ या मुलाला खोटे बोलून काही मिळवायचे नाही. आईचे उरलेले दिवस धास्तीत जाऊ नयेत, एवढेच त्याला हवे आहे आणि ते हवे असणे वाईट नाही. पण शरीर आईचे आहे, उरलेला काळही तिचाच आहे. केमोथेरपी घ्यायची की नाही, गावाकडच्या बहिणीला भेटून यायचे की नाही, लेकीच्या नावावर काय करायचे, हे तिला ठरवता यायला हवे. ते ठरवण्यासाठी आधी खरे कळायला हवे. डॉक्टरांनी नियमावलीचा आधार शोधला, तर २००२ सालची वैद्यकीय आचारसंहिता त्यांना आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नका आणि कमी करूनही सांगू नका, असे बजावते. पण पुढे रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार स्नेही यांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल इतकी माहिती मिळेल हे पाहा, असे म्हणून कोणाला काय सांगायचे ते डॉक्टरांच्याच विवेकावर सोडते. नियम तिथे थांबतो. बाकावर बसलेली बाई आत येते तेव्हा डॉक्टरांना काहीतरी बोलावेच लागते.

दुसरा प्रसंग कचेरीतला. कंपनीने कर्मचारी कपातीची यादी तयार केली आहे. ती व्यवस्थापकाच्या हाती आहे आणि तारीख जाहीर होईपर्यंत ती गुप्त ठेवण्याचे त्याने लिहून दिले आहे. यादीतला एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगतो, की फ्लॅट पसंत पडलाय, शनिवारी टोकन द्यायचे आहे, वीस वर्षांचे कर्ज मंजूर झाले आहे. व्यवस्थापकाने तोंड उघडले तर कंपनीला दिलेला शब्द मोडतो, आणि अर्धवट फुटलेल्या बातमीने यादीत नसलेल्या पन्नास जणांचीही घाबरगुंडी उडते. गप्प राहिला तर ज्याच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्याला उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात जाऊ दिल्यासारखे होते. इथेही कोणी लबाड नाही, कोणाला मलिदा खायचा नाही. दोन्ही बाजूंना खरीखुरी कर्तव्ये आहेत. याला मी नैतिक पेच म्हणतो.

पेच आणि मोह यांची गल्लत मात्र होऊ द्यायची नाही. कारण व्यवहारात ज्याला आपण ‘कठीण निर्णय’ म्हणतो, त्यातले पुष्कळसे मोहच असतात. फक्त त्यांनी पेचाचे कपडे घातलेले असतात. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाची हकीकत या बाबतीत फार शिकवणारी आहे. यानाच्या रॉकेटचे सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले होते. ती रॉकेटे बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बोझोले यांनी ३१ जुलै १९८५ रोजीच वरिष्ठांना लेखी कळवले होते, की या कड्यांचा प्रश्न सुटला नाही तर माणसे दगावतील. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी दूरध्वनीवर बैठक झाली. दुसऱ्या दिवशी उड्डाण होते आणि रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार होता. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको, अशी शिफारस थायोकॉलच्या अभियंत्यांनी केली. नासाचे अधिकारी नाराज झाले. थायोकॉलने आपसांत बोलायला थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना सुचवले, की आता अभियंत्याची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची घाला. शिफारस बदलली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले.

त्या रात्री उपाध्यक्षांपुढे पेच होता, असे म्हणायचे का? एका पारड्यात सात माणसांचे प्राण होते, दुसऱ्यात ग्राहकाची मर्जी आणि पुढचे कंत्राट. कंपनी टिकणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, तिच्यावर हजारो घरे चालतात. पण उड्डाण काही दिवस पुढे ढकलल्याने कंपनी बुडणार नव्हती. तिथे झाले ते इतकेच, की ज्या गोष्टीला कर्तव्य म्हणता येणार नाही तिला कर्तव्याच्या बरोबरीने बसवले गेले. टोपी बदलण्याच्या सल्ल्याने नेमके हेच साधले. खरा पेच बोझोले यांच्यापुढे आला तो नंतर, चौकशी आयोगासमोर. खरे सांगितले तर ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले त्या सहकाऱ्यांची आणि कंपनीवर जगणाऱ्या गावाची अब्रू जाणार होती; न सांगितले तर पुढचे अंतराळवीर त्याच कड्यांवर भरवसा ठेवून बसणार होते. ते बोलले, आणि सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखे केल्यावर कंपनीतून बाहेर पडले. प्रक्षेपण स्थळी असलेले त्याच कंपनीचे ॲलन मॅकडोनाल्ड यांनी तर उड्डाणाच्या संमतिपत्रावर सही करायलाच नकार दिला होता. आयोगापुढे साक्ष दिल्यावर त्यांना पदावरून खाली आणले गेले. अमेरिकी संसद मध्ये पडल्यावर ते परतले आणि सदोष सांध्यांची नवी रचना करण्याचे काम त्यांनीच हाती घेतले. ज्या कंपनीविरुद्ध ते बोलले, तिचे काम सुधारून देण्यासाठी ते तिथेच राहिले. माझ्या म्हणण्याचा गाभा या शेवटच्या गोष्टीत आहे.

तो असा: खऱ्या पेचात आपण जे कर्तव्य निवडत नाही, ते रद्द होत नाही. ते देणे म्हणून आपल्या नावावर राहते. नीतीची बहुतेक चर्चा ‘कोणती बाजू निवडावी’ इथे सुरू होते आणि निवड झाली की संपते. माझ्या मते अर्धे काम त्यानंतर सुरू होते. डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३० मध्ये हा विचार अगदी साध्या रीतीने मांडला. एखाद्याला भेटायचे वचन दिले आहे आणि वाटेत अपघात झालेला दिसतो. जखमीला मदत करणे योग्यच, त्यात दुमत नाही. तरीही ज्याला ताटकळत ठेवले त्याला काहीतरी देणे लागतो असे आपल्याला वाटते: निरोप, क्षमा, झालेली गैरसोय भरून काढणे. वचनाचे बंधन त्या क्षणी पूर्ण सुटले असते, तर क्षमा मागण्याचे कारणच उरले नसते. योग्य वागल्यानंतरही देणे उरू शकते, ही गोष्ट एकदा मान्य केली की घरातल्या आणि कचेरीतल्या कितीतरी प्रसंगांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

हा विचार परका नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. नेहमी खरेच बोलायचे असे या तपस्व्याचे व्रत होते. दरोडेखोरांना भिऊन पळालेली माणसे वनात लपली. दरोडेखोरांनी विचारले आणि कौशिकाने जागा दाखवली. माणसे मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. दुसरीकडे द्रोणपर्वात धर्मराज अश्वत्थामा मेल्याचे सांगतो आणि हत्तीचा उल्लेख द्रोणांना ऐकू जाणार नाही असा करतो. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भुईला टेकतो. युद्ध जिंकले जाते, राज्य मिळते, पण व्यास हिशेब सोडत नाहीत: स्वर्गारोहणपर्वात धर्मराजाला नरक पाहावा लागतो आणि द्रोणांना फसवल्याबद्दल तो दाखवला गेला, असे इंद्र त्याला सांगतो. म्हणजे एकाच ग्रंथात खरे बोलणाराही नरकात जातो आणि खोटे बोलणाऱ्यालाही नरक चुकत नाही. वरवर पाहता यात विसंगती दिसते. नीट पाहिले तर दोघांचा दोष एकाच जातीचा आहे. कौशिकाला आपल्या व्रतापलीकडे आणखी एक कर्तव्य समोर उभे आहे हे दिसलेच नाही. धर्मराजाला ते दिसले, पण दोन्ही पाळल्याचा देखावा त्याने केला. सत्य मोडले तर मोडले म्हणावे. अर्धे वाक्य ओठांत ठेवून आपण सत्य राखले अशी नोंद करून घेऊ नये. आजच्या कचेऱ्यांत ‘नरो वा कुंजरो वा’ हा बोलण्याचा नव्हे, लिहिण्याचा प्रकार झाला आहे. ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून फाइल पुढे सरकवणाऱ्या अधिकाऱ्याला सहीही करायची असते आणि जबाबदारीही नको असते.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण याच प्रश्नासाठी आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय अशी एकेक वचने घेऊन ती एकमेकांशी कुठे टक्कर घेतात हे त्यांनी दाखवले, आणि त्यासाठी महाभारताबरोबर शेक्सपिअरची हॅम्लेट व कोरिओलेनस ही नाटकेही आधाराला घेतली. कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हा त्यांच्या विवेचनातला कळीचा निकष आहे. तो अमान्य करण्याचे कारण नाही. पण शुद्ध बुद्धीने केलेल्या निवडीनेही कोणाला तरी इजा होते, आणि आपला हेतू चांगला होता एवढ्याने त्या माणसाचे नुकसान भरून निघत नाही. हेतू शुद्ध असल्याने आपण निर्दोष ठरतो. ऋणमुक्त होतो असे नाही.

मराठी सार्वजनिक जीवनात याचे सगळ्यात बोलके उदाहरण मला गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १८९७ च्या माफीत दिसते. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरोघर तपासणी करणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे मित्रांच्या पत्रांतून त्यांना कळले आणि त्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केले. पार्लमेंटात गदारोळ झाला, मुंबई सरकारने आरोप फेटाळले. तोवर इकडे २२ जूनला पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, धरपकड सुरू होती, २७ जुलैला टिळकांना अटक झाली. गोखले परतले तेव्हा माहिती देणारे पुढे येऊन साक्ष द्यायला तयार नव्हते. गोखल्यांपुढे तीन कर्तव्ये होती. विश्वासाने पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्या दिवसांत उघड करणे म्हणजे त्यांना पोलिसांच्या हाती देणे होते. सिद्ध करता येत नाही असा भयंकर आरोप कोणावर तसाच ठेवणे न्यायाचे नव्हते, मग ते परके सैनिक का असेनात. आणि आरोप मागे घेतला तर पुण्याच्या लोकांनी जे सोसले तेच खोटे असे जगाला वाटणार होते. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बिनशर्त माफी मागितली, एकाही माहितगाराचे नाव घेतले नाही आणि दोष कोणावर ढकलला नाही.

त्या माफीवर तेव्हा फार टीका झाली. गोखल्यांनी कच खाल्ली असे म्हटले गेले. काँग्रेसमध्येही त्यांना मान खाली घालावी लागली. त्यांनी घेतलेला निर्णय बरोबर होता का, यावर आजही दोन मते होऊ शकतात. आरोप मागे न घेता स्वतंत्र चौकशीची मागणी लावून धरायला हवी होती, असे म्हणायला जागा आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की तिन्ही कर्तव्ये त्यांच्या नजरेसमोर होती आणि तिसऱ्याची किंमत त्यांनी स्वतःच्या नावलौकिकातून मोजली. ‘माझे मित्र ऐन वेळी फिरले’ एवढे एक वाक्य त्यांना बरेचसे सोडवू शकले असते. ते त्यांनी उच्चारले नाही. पुढे पुण्यातल्या प्लेगनिवारणाच्या कामात ते स्वतः उतरले. ज्या पुणेकरांची तक्रार आपल्या माफीने दुबळी झाली, त्यांच्याच दाराशी जाऊन राबणे, याला मी देणे फेडणे म्हणतो.

या भूमिकेवर पहिला आक्षेप तत्त्वज्ञांचाच येईल. नीट विचार केला तर प्रत्येक प्रसंगाला एकच बरोबर उत्तर असते. पेच वाटतो तो आपल्या अपुऱ्या विचारामुळे, असे ते म्हणतील. कांटच्या मते दोन कर्तव्यांचा खरा विरोध संभवतच नाही. १७९७ च्या आपल्या निबंधात त्याने दारात आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये, इथपर्यंत मजल मारली. कौशिकाने ते वाचले असते तर त्याला समाधान वाटले असते. उपयुक्ततावादी दुसऱ्या टोकाने येतात आणि सुखदुःखांची बेरीज-वजाबाकी करून उत्तर काढा म्हणतात. या दोन्ही पंथांतली उत्तरे प्रसंगी उपयोगी पडतात आणि या पुस्तकात ती जागोजाग घेतली आहेत. पण क्षणभर मानू, की एकच उत्तर बरोबर आहे आणि ते आपल्याला सापडले आहे. आईला खरे सांगायचे ठरले. तरी मुलाची भीती खोटी ठरली का? ती बातमी कशी सांगायची, सांगताना जवळ कोण असावे, रात्री तिला झोप आली नाही तर कोणाला फोन करायचा, हे सगळे त्या मागे राहिलेल्या कर्तव्यातूनच निघते. बरोबर उत्तर सापडल्याने हे काम संपत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. जे झाले ते झाले, खंत करत बसल्याने कोणाचे भले होते? बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने एका ट्रकचालकाचे उदाहरण दिले आहे. काहीही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येते. आपण सगळे त्याला समजावू, की तुझा दोष नाही. पण पहिल्याच मिनिटाला तो स्वतःच ‘माझा दोष नाही’ म्हणून चहा प्यायला निघाला, तर आपल्याला त्याच्यात काहीतरी कमी आहे असे वाटेल. खंत ही कमजोरी नव्हे. आपल्या हातून कोणाचे तरी नुकसान झाले आहे हे ओळखण्याची ती खूण आहे. मात्र आक्षेपातले तथ्यही मान्य केले पाहिजे. स्वतःभोवती फिरत राहणारी, कृतीत न उतरणारी खंत खरोखर कोणाच्या कामाची नसते. आजारी वडिलांना वृद्धाश्रमात ठेवावे लागले म्हणून स्वतःला वर्षभर कोसणारा आणि त्याच लाजेपोटी तिकडे न फिरकणारा मुलगा वडिलांना काहीच देत नाही. दर रविवारी जाऊन त्यांची नखे कापणारा, औषधांचा तक्ता तपासणारा, नातवाला घेऊन जाणारा मुलगा देणे फेडतो, मग त्याच्या मनात खंत असो वा नसो.

तिसरी शंका अशी, की दोन्ही बाजू योग्य असू शकतात असे म्हटले की प्रत्येक जण आपल्या सोयीची बाजू घेईल आणि वर ‘काय करणार, धर्मसंकट होते’ म्हणेल. ही भीती खरी आहे, तसे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण देण्याची कसोटी अशा माणसाला सोडत नाही, उलट पकडते. जो निवड करतो आणि तिने दुखावलेल्या माणसासमोर जाऊन काय केले ते सांगायला, भरून द्यायला तयार नसतो, त्याच्यापुढे पेच नव्हताच असे मानायला हरकत नाही. कपातीची यादी गुप्त ठेवणाऱ्या व्यवस्थापकाचेच घ्या. नाव न फोडताही ‘सध्या बाजार बरा नाही, मोठे कर्ज दोन महिने थांबव’ एवढे तो म्हणू शकतो. वरिष्ठांकडे जाऊन तारीख अलीकडे आणा, नुकसानभरपाई नीट द्या, असा आग्रह धरू शकतो. यादी लागल्यावर त्या सहकाऱ्यासमोर बसून ‘मला ठाऊक होते आणि मी सांगू शकलो नाही’ असे म्हणू शकतो, त्याच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकू शकतो. यातले काहीही न करता जो दुसऱ्या दिवशी त्याची नजर चुकवतो, त्याने गोपनीयतेचे कर्तव्य पाळले असे म्हणण्यापेक्षा स्वतःची खुर्ची सांभाळली असे म्हणणे अधिक खरे होईल.

चौथा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, कारण तो सोसणाऱ्यांकडून येतो. घराचे हप्ते, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे असलेल्या माणसाने नीतीचे हे चोचले कसे पुरवायचे? मोजमाप पुस्तिकेत न झालेल्या कामाची नोंद कर म्हणून साहेबांचा दाब आहे; नाही म्हटले तर बदली गडचिरोलीला किंवा नंदुरबारला. अशा कनिष्ठ अभियंत्याला वीर होण्याचा उपदेश करणे मला अप्रामाणिक वाटते. प्रामाणिकपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून जबाबदारीही सारखी नसते. ती पदाबरोबर वाढते, आणि दाब टाकणाऱ्या साहेबाचे देणे दाबल्या गेलेल्याच्या देण्याहून कितीतरी मोठे असते. दुसरे असे, की मूग गिळणे आणि हुतात्मा होणे यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. तोंडी आदेश लेखी मागता येतो, असहमतीची टिप्पणी फाइलवर लावता येते, एकट्याऐवजी चौघांनी मिळून बोलता येते. या पायऱ्या लहान आहेत, पण त्या चढण्याची सवय असलेल्या कचेरीत चॅलेंजरसारखी रात्र सहसा येत नाही.

तरीही एवढ्याने भागत नाही, आणि इथे प्रश्न व्यक्तीकडून व्यवस्थेकडे वळतो. रूथ बार्कन मार्कस या तत्त्वज्ञ स्त्रीने १९८० मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला: पेचातून कोणत्याही बाजूने गेले तरी काहीतरी देणे उरणारच असेल, तर असे पेच कमीत कमी यावेत अशा रीतीने आपले आयुष्य आणि आपल्या संस्था रचणे हेही नैतिक कर्तव्यच आहे. आपल्या देशातला अनुभव याला दुजोरा देतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झालेल्या स्त्रीपुढे पूर्वी नोकरी की अब्रू असा प्रश्न असे, आणि तिने विश्वासाने सांगितलेल्या मैत्रिणीपुढे गुपित राखावे की वाचा फोडावी असा. १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा यांनी अंतर्गत समिती, तक्रारीसाठी तीन महिन्यांची आणि कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची मुदत, व गोपनीयतेचे बंधन आणले. पेच नाहीसा झाला नाही, पण मैत्रिणीला हात धरून घेऊन जाण्यासारखा एक दरवाजा मिळाला. याच्या उलट उदाहरण सत्येंद्र दुबे यांचे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार या अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. न्यायालयात ती लुटीच्या प्रयत्नातली हत्या ठरली. पण त्यांनी मागितलेली एवढीशी गोष्ट, आपले नाव झाकण्याची, व्यवस्थेने पाळली नव्हती हे त्याने बदलत नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर २०१४ मध्ये मंजूर झाला आणि अंमलबजावणीच्या अधिसूचनेअभावी वर्षानुवर्षे पडून राहिला.

घरातल्या पेचांनाही व्यवस्थेची अशीच बाजू आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या जाणीव हरपलेल्या अवस्थेत अंथरुणावर होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना शांतपणे जाऊ द्यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. दोन्ही बाजूंना करुणाच होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट उघडली, पण या प्रकरणात मागणी नाकारली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवले, अंग पुसले आणि इतक्या वर्षांत अंथरुणाच्या जखमा होऊ दिल्या नाहीत, त्या केईएमच्या लोकांनाच त्यांचे जवळचे मानले. पेचात बोलण्याचा पहिला हक्क देणे उचलणाऱ्याचा, हे तत्त्व त्या निकालात मला दिसते. २०१८ मध्ये न्यायालयाने अंतिम उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरची सही चालते. व्हेंटिलेटर काढायचा की नाही हे रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या भावंडांवर टाकण्याऐवजी धडधाकट असताना स्वतः लिहून ठेवणे, ही मुलांवर केलेली मोठी कृपा आहे. ते आपण अजून फारसे करत नाही, कारण मरणाचा विषय घरात काढणे अभद्र समजतो.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. आधी घर आणि नाती, मग व्यवसाय आणि नोकरी, शेवटी संस्था आणि कायदे. प्रत्येक प्रसंगात दोन्ही बाजू पुरेशा ताकदीने मांडल्या आहेत. कुठे माझा कौल दिला आहे, कुठे मुद्दाम दिलेला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मात्र एक प्रश्न न चुकता येतो: जे सोडले, त्याचे काय? वाचकांना माझी विनंती आहे, की प्रसंग वाचताना कोणती बाजू बरोबर हे ठरवण्याची घाई करू नये. आधी दोन्ही बाजूंना कोण माणसे उभी आहेत ती पाहावीत, मग आपला निर्णय घ्यावा, आणि त्या निर्णयाने ज्याचे नुकसान होते त्याला आपण काय देणार ते स्वतःशी स्पष्ट शब्दांत ठरवावे. ते ठरवता आले नाही, तर निर्णय अजून पूर्ण झालेला नाही असे समजावे.